वाडगा उचलायचा की चमचा? : सूपविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जपानी घरी पाहुणे म्हणून जाताना काय न्यावं, कुठे बसावं याविषयी मी लिहिलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं एकाच पदार्थापाशी येऊन थांबली, ते म्हणजे सूप. कुणाला चमचा मिळाला नाही, कुणाला मिळाला तर तो कशासाठी ते उमगलं नाही. मी पुण्यात जपानी शिकवते आणि दुभाषाचं काम करते, त्यामुळे अशा जेवणांना यजमान आणि पाहुण्यांच्या मधोमध बसायचा योग मला सतत येतो. या वेळचं सगळं सदर म्हणूनच सूपला दिलं आहे.

प्रश्न : माझ्या नवऱ्याच्या कंपनीतर्फे आम्ही नागोयाला राहायला चाललो आहोत. निघण्याआधी इथल्या जपानी साहेबांनी आम्हाला जेवायला नेलं. झाकण असलेली लाकडी वाटी पुढे आली, पण चमचा आलाच नाही. साहेबांच्या पत्नीने सरळ वाटी तोंडाला लावली. आपल्याकडे वाटी तोंडाला लावली की आई ओरडायची. मी चमचा मागायला हवा होता का? तिकडे गेल्यावर नेमकं काय करायचं? (एक वाचक, पिंपरी)

चमचा मागू नका. मागितलात तर लगेच आणून देतील, कुणी नाक मुरडणार नाही. पण मग ती वाटी टेबलावरच राहील, आणि ती घडवलेलीच असते हातात घेण्यासाठी.

तिला 'ओवान' म्हणतात. जुन्या रीतीने ती लाकूड कातून करतात आणि वर उरुशी नावाच्या झाडाचा चीक थरावर थर चढवतात. इशिकावा प्रांतातल्या वाजिमा गावचं हे काम फार नावाजलेलं. तिथे खालच्या थरांत भाजलेल्या मातीची बारीक पूड मिसळतात आणि शंभराहून जास्त टप्प्यांनंतर वाटी पुरी होते. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात या गावाची अपरिमित हानी झाली, कितीतरी कारागिरांची घरं आणि कामाच्या जागा गेल्या. तिथली वाटी कधी तुमच्या हाती आली तर ती जरा जास्तच जपून धरा, एवढी माझी विनंती. आतला रस्सा वाफाळता असला तरी लाकडामुळे बाहेरून चटका बसत नाही. खाली बोटांना आधार मिळेल अशी बैठक असते, काठ ओठाला गुळगुळीत लागतो. ही वाटी टेबलावर ठेवून खाली वाकून प्यायची नाही. ती आपल्याकडे आणायची, आपण तिच्याकडे जायचं नाही. जपानी जेवणातल्या निम्म्या गोष्टी एवढ्यावरून सुचत जातात.

आता क्रम सांगते. डाव्या हाताने वाटीला बाहेरून आधार द्या आणि उजव्या हाताने झाकण उचला. लगेच बाजूला नेऊ नका. ते वाटीवरच तिरकं धरा, म्हणजे आत जमलेले वाफेचे थेंब वाटीतच पडतील, टेबलावर नाही. मग झाकण दोन्ही हातांनी उलटं करून उजवीकडे ठेवा. कधीकधी झाकण घट्ट बसतं, कारण आतली हवा निवून आकसलेली असते. अशा वेळी जोर लावला की अर्धं सूप मांडीवर येतं. डाव्या हाताने वाटीच्या कडा दोन्ही बाजूंनी हलक्या दाबा. थोडी हवा आत शिरते आणि झाकण आपोआप सुटतं.

झाकण निघाल्यावर क्षणभर थांबा. क्योतोला मी ज्यांच्याकडे चहाविधी शिकत होते त्या बाई या क्षणाबद्दल फार आग्रही होत्या. स्वयंपाकघरात बंद केलेला वास पहिल्यांदा तुमच्यासाठी मोकळा होतो, तो घ्या आणि मग पुढे जा, असं त्या बजावायच्या. चहाविधीच्या जेवणात झाकणाच्या वाटीतला 'निमोनोवान' हा रस्सेदार पदार्थ सगळ्या जेवणाचा कळस मानतात. त्यात पुदिन्याच्या पानाएवढं एखादं हिरवं पान किंवा युझू नावाच्या लिंबाच्या सालीचा तुकडा असतो, आणि तो खास त्या पहिल्या वासासाठीच घातलेला असतो.

मग दोन्ही हातांनी वाटी उचला, डाव्या तळहातावर स्थिर करा आणि त्यानंतरच उजव्या हाताने चॉपस्टिक घ्या. त्यांचं टोक डाव्या हाताच्या बोटांत अलगद अडकवून उजव्या हाताची पकड नीट करून घ्या. वाटी आणि चॉपस्टिक एकदम उचलायच्या नाहीत. पहिला घोट नुसत्या रश्श्याचा. आतले टोफूचे तुकडे, वाकामे नावाचं समुद्री शेवाळ, मुळ्याच्या चकत्या चॉपस्टिकने खायच्या. पिताना चॉपस्टिकची टोकं वाटीत टेकवून तुकडे मागे रोखून धरायचे, टोकं समोरच्या माणसाकडे रोखायची नाहीत. एखादा घोट, मग भाताचा घास, मग भाजी, असं फिरत राहायचं. सूप आधी संपवून मोकळं व्हायचं नसतं, जेवणभर ते भाताच्या सोबतीला असतं.

थोडं बारीकसारीकही सांगून ठेवते, कारण तुम्ही तिथे राहायला जाता आहात. सूपमध्ये शिंपले असतील तर रिकामे शिंपले वाटीतच राहू द्या, टेबलावर ढीग करू नका. घास तोंडाशी नेताना खाली तळहाताची बशी धरायची सवय आपल्याला असते आणि ती आपल्याला सभ्य वाटते. तिथे ती नीटशी मानत नाहीत, कारण खाली धरायला वाटी असते. चॉपस्टिक वाटीवर आडव्या ठेवू नका, त्यांच्यासाठी छोटा ठोकळा असतो. आणि भातात त्या उभ्या खोचून तर कधीच ठेवू नका, मृताच्या उशाशी ठेवलेल्या भातात तसं करतात. जेवण झालं की झाकण जसं होतं तसंच वाटीवर ठेवा. 'संपलं' हे कळावं म्हणून काही जण ते उलटं ठेवतात. त्याने वाटीवरच्या चिकाच्या थराला चरे पडतात.

घरी सराव करायचा असेल तर लाकडी किंवा जाड प्लास्टिकच्या वाटीत करा. स्टीलच्या वाटीत गरम पदार्थ घेऊन हा सराव होत नाही. आईचं ओरडणं आपल्या धातूच्या वाटीसाठी बरोबरच होतं.

प्रश्न : मी कोरियन मालिका खूप बघते. त्यात घरातले सगळे लांब दांड्याच्या चमच्याने सूप खातात आणि वाटी टेबलावरच असते. माझी मैत्रीण जपानी शिकते, ती म्हणते वाटी उचलायचीच. शेजारशेजारच्या दोन देशांत इतका फरक कसा? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

तुझं निरीक्षण अचूक आहे आणि मैत्रीणही चुकलेली नाही. फरकाचं एक मोठं कारण भांड्यात आहे. कोरियात भाताची वाटी पितळेची किंवा स्टीलची, झाकणासकट. रस्सेदार पदार्थ पुष्कळदा 'त्तुकबेगी' नावाच्या जाड मातीच्या भांड्यात चुलीवरून थेट समोर येतो आणि टेबलावर आल्यावरही रटरटत असतो. त्याला हात कोण लावणार? म्हणून भांडं खाली आणि चमचा हाती. मोठ्यांच्या देखत वाटी उचलून तोंडाला लावणं तिथे अघळपघळ मानतात. भातसुद्धा तिथे रीतसर चमच्यानेच खातात. चॉपस्टिक भाज्या, किमची, मासे अशा सोबतीच्या पदार्थांसाठी. चमचा आणि चॉपस्टिक मिळून तिथे एक जोडी आहे, 'सुजो' म्हणतात तिला, आणि ती बहुधा धातूची असते.

ही जोडी फार जुनी. १९७१ मध्ये दक्षिण कोरियातल्या गोंग्जू शहरात पेक्चे या जुन्या राज्याचा राजा मुर्योंग याचं थडगं सापडलं. हा राजा इ. स. ५२३ मध्ये वारला. त्याच्यासोबत पुरलेल्या वस्तूंत काशाचे चमचे आणि चॉपस्टिकही निघाले. चीन आणि जपानमध्ये पुढे चमचा भातापासून दूर गेला. कोरियाने मात्र तो सोडला नाही.

तिथल्या घरात जेवायला बसलीस तर सगळ्यांत आधी हे बघ : घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने चमचा उचलला का? त्याआधी आपण उचलायचा नाही. सोलला मी ज्या घरी उतरत असे तिथल्या आजींचं जेवण अगदी थोडं, पण त्या शेवटपर्यंत चमचा हातात ठेवून बसायच्या. आपण चमचा खाली ठेवला की नातवंडं घाईघाईने उरकतील, हे त्यांना ठाऊक होतं. पाहुण्याने या वेगाकडे लक्ष द्यावं. दुसरी गोष्ट म्हणजे चमचा आणि चॉपस्टिक एकाच वेळी हातात धरायच्या नाहीत. एक खाली ठेवायचं आणि मग दुसरं घ्यायचं. चमच्याने सूप ढवळत बसायचं नाही. टेबलाच्या मधोमध एकच मोठं भांडं ठेवून त्यात सगळ्यांनी चमचे घालायची घरगुती पद्धत अजून आहे, पण आता बरेच जण वेगळ्या डावाने आपापल्या वाटीत वाढून घेतात. डाव दिसला तर तोच वापर.

मांडणीसाठी मात्र दोन्ही देशांचा नियम एकच : भात डावीकडे, सूप उजवीकडे. हा नियम 'ली जी' या प्राचीन चिनी आचारग्रंथात स्पष्ट लिहिलेला आहे. तो ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळात संकलित झाला, आणि जेवायला कसं बसावं यासाठी त्यात सलग भाग आहे. आपल्याकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ताटाच्या डावीकडे आणि भाजी उजवीकडे, हे जसं लहानपणापासून हाताला माहीत असतं, तसंच तिथे हे. कोरियात पितरांच्या पूजेला जेवण मांडतात तेव्हा पितरांच्या बाजूने पाहिलं तर हीच मांडणी उलटी होते. तेव्हा भातात चमचाही उभा रोवतात. म्हणून जिवंत माणसाच्या पानावर वाट्या अदलाबदल करू नयेत आणि चमचा भातात खोचून ठेवू नये.

आणि मालिकांमधली सूप बघताना आता एवढं लक्षात ठेव. वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं 'मियोकगुक' करतात, कारण बाळंतिणीला तेच देतात, आणि वाढदिवशी त्या आईची आठवण असते. परीक्षेच्या दिवशी ते टाळतात, निसरडं असतं म्हणून. नववर्षाच्या 'सोल्लाल' सणाला तांदळाच्या वड्यांचं 'त्तोकगुक' खाल्लं की वय एक वर्षाने वाढतं असं समजतात. कुठल्या प्रसंगी कुठलं सूप आलं आहे हे कळलं की अर्धा संवाद आधीच समजतो.

प्रश्न : आमचा कापडाचा व्यवसाय आहे. पुढच्या महिन्यात ग्वांगझूला जायचं आहे, आणि तिथले लोक मोठ्या फिरत्या टेबलावर जेवायला बसवतात असं ऐकलं. सूप कसं घ्यायचं? (एक व्यापारी, इचलकरंजी)

तुम्ही कँटनी भागात चालला आहात, म्हणजे सूप सुरुवातीलाच येईल. मंद आचेवर तास न् तास उकळलेलं, पातळ, पारदर्शक, आणि त्या भागातल्या माणसाला अतिशय जिव्हाळ्याचं. त्यातलं मांस आणि कंद पुष्कळदा वेगळ्या ताटात काढून ठेवतात, रस्सा तेवढा वाटीत येतो. उत्तर चीनमध्ये सूप बहुधा जेवणाच्या शेवटाकडे येतं, तेव्हा बीजिंगला गेलात तर सुरुवातीला वाट पाहू नका.

एका मोठ्या भांड्यातून यजमान किंवा वाढपी छोट्या वाट्यांत सूप वाढतो. तुम्ही पाहुणे असाल तर पहिली वाटी तुमच्यापुढे येईल. नाही-नाही म्हणत ती दुसऱ्याकडे सारू नका, मान झुकवून घ्या. चिनी मातीचा जाड, खोलगट, आखूड दांड्याचा चमचा मिळेल, सूप त्यानेच. तिथे भाताची वाटी हातात उचलून तोंडाजवळ नेतात, पण मेजवानीत सूपची वाटी सहसा टेबलावर राहते. खाणं थांबवलं की चमचा वाटीत उभा ठेवू नका, खालच्या बशीत ठेवा. सूपमध्ये भाजी-मांसाचे तुकडे असतील तर ते चॉपस्टिकने उचला. मघाच्याच ली जीमध्ये हेसुद्धा आहे : ज्या सूपमध्ये पाला आहे त्याला चॉपस्टिक वापराव्यात, ज्यात नाही त्याला वापरू नयेत.

फिरतं टेबल बेताने फिरवायचं, कुणी वाढून घेत असेल तर थांबायचं, आणि स्वतःचा चमचा सामायिक भांड्यात घालायचा नाही. टेबलावरच्या वाढायच्या चमच्यांमागे एक डॉक्टर आहेत. पेनांगला जन्मलेले वू लिएन-तेह यांनी १९१०-११ मध्ये मांचुरियातली फुप्फुसाच्या प्लेगची साथ आटोक्यात आणली. एकाच भांड्यात सगळ्यांच्या चॉपस्टिक जातात, त्यातून रोग पसरतो, हे त्यांना सलत होतं. १९१५ मध्ये त्यांनी लेख लिहून उपाय मांडला : मध्ये फिरतं तबक आणि प्रत्येक पदार्थाला वाढायचा वेगळा चमचा. माणसांनी एकत्र जेवणं सोडू नये, फक्त जपून जेवावं, यासाठी केलेली ही खटपट मला फार मोलाची वाटते.

चहा ओतला की आसपासची माणसं दोन बोटं टेबलावर हलकेच आपटताना दिसतील, ते आभार आहेत. तुम्हीही तसंच करा. आणि त्याच दौऱ्यात शांघायला जाणं झालं, पुढ्यात 'श्याओलोंगबाओ' आले, तर ते अख्खे तोंडात टाकू नका. त्या मोदकासारख्या पुडीत उकळता रस्सा असतो. ती चमच्यात ठेवा, कडेला छोटासा चावा घ्या, वाफ जाऊ द्या, रस्सा चमच्यातून प्या आणि मग उरलेलं खा. आतलं सारण मूळचं डुकराच्या मांसाचं असतं, तेव्हा खात नसाल तर आधी विचारून घ्या.

प्रश्न : माझा नातू टोकियोत शिकतो. सुट्टीत घरी आला तेव्हा आमटीचे मोठमोठे भुरके मारत होता. विचारलं तर म्हणाला, 'आजोबा, तिकडे आवाज केला नाही तर लोकांना वाईट वाटतं.' हे खरं का? (एक आजोबा, नाशिक)

अर्धं खरं. सोबा, उदोन, रामेन अशा शेवयांच्या पदार्थांना ते लागू आहे. गरम शेवया ओढून घेताना आवाज होतोच आणि कुणाला खटकत नाही. सोबाचे दर्दी तर सांगतात की हवेसकट ओढल्यावरच त्याचा वास नाकापर्यंत पोचतो. आवाज केला नाही म्हणून वाईट मात्र कुणाला वाटत नाही. मी स्वतः शेवया गुपचूप खाते आणि आजवर कुणी हटकलेलं नाही.

नुसतं सूप मात्र तिथेही शांतपणे प्यायचं. मिसोशिरुचा, म्हणजे सोयाबीनच्या मिसोच्या सूपचा, बारीक घोट घेताना थोडी हवा आत जाते तेवढं चालतं. झाकणाच्या वाटीतलं नितळ सूप, 'सुइमोनो', असेल तर तेवढाही आवाज नको. कोरियात आणि चीनमध्ये चारचौघांत बसल्यावर हीच अपेक्षा. ली जीमध्ये सूप घटाघटा गिळू नये असं बजावलं आहे.

आजोबा, हा नियम जपानला ज्या वाटांनी पोचला त्यांतली एक वाट आपल्या देशातून निघते, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते. बौद्ध भिक्षूंच्या विनयात, म्हणजे आचारनियमांच्या ग्रंथांत, जेवणाचे बारीक नियम आहेत. त्यांतला एक सांगतो की 'सुरुसुरु' आवाज करत खाऊ नये. त्यामागची कथा कौशांबीची. एका ब्राह्मणाने संघासाठी दुधाचं पेय केलं, भिक्षू ते आवाज करत पिऊ लागले. पूर्वी नट असलेल्या एका भिक्षूने त्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी थट्टा केली : सगळा संघ थंडीने गारठलाय वाटतं! त्या प्रसंगावरून हा नियम झाला. विनयातले असे नियम भिक्षूंबरोबर चीनमध्ये गेले आणि पुढे जपानला. १२४६ मध्ये झेन आचार्य दोगेन यांनी एइहेइजी मठातल्या भोजनासाठी 'फुशुकुहानपो' लिहिलं. त्यात चावताना आवाज करू नका, अन्न सुरकन ओढू नका, शेजाऱ्याच्या पात्रात डोकावू नका, आणि शेवटी पात्र गरम पाण्याने तिथेच बसून धुवा, असं सगळं आहे. या मठांतून बरीच शिस्त पुढे घराघरांत उतरली.

नातवाला रामेनच्या दुकानात खुशाल भुरके मारू द्या. ताकाच्या कढीचं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. माझ्या घरी कढीला भुरका चालतो.

प्रश्न : आम्ही जैन. कंपनीच्या कामाने ओसाका आणि सोल दोन्हीकडे जावं लागतं. सूपमध्ये भाज्याच दिसतात, तर ते घ्यायला हरकत नाही ना? आणि नको असेल तर यजमानाचा अपमान न करता कसं सांगावं? (एक वाचक, सांगली)

दिसणाऱ्या भाज्यांवर जाऊ नका, रश्श्याचं विचारा. जपानी सूपचा जीव 'दाशी'त, म्हणजे मूळ रश्श्यात असतो. बहुतेक वेळा ती कात्सुओबुशीची, म्हणजे उकडून, धूर देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत सुकवलेल्या माशाच्या किसाची असते. घरोघरी छोटे सुके मासे उकळूनही करतात. मिसो स्वतः सोयाबीनचा, पण तो विरघळतो या दाशीत. टोफू आणि कांद्याच्या पातीचं निरुपद्रवी दिसणारं सूप तुम्हाला चालणारं नसण्याचीच शक्यता जास्त. कोरियात हाच प्रकार सुक्या मासळीच्या किंवा गाईच्या मांसाच्या रश्श्याचा. किमचीतही मासळीचा रस्सा किंवा खारवलेली कोळंबी असते.

म्हणून आधी सांगा. आमंत्रण आलं त्याच दिवशी, लेखी, आणि काय चालत नाही ते एकेक करून : मांस, मासे, अंडी, माशाची दाशी, कांदा, लसूण, कंदमुळं. 'शाकाहारी' एवढ्यावर भागत नाही. दाशी बऱ्याच जणांच्या मनात मासे या सदरात मोडतच नाही. आधी कळवलं तर जपानी यजमान मनापासून सोय करतो. ताटावर बसल्यावर कळलं तर मात्र तो कानकोंडा होतो, आणि त्याच्या जेवणाचीही मजा जाते. मी दुभाषा म्हणून जाते तेव्हा दोन दिवस आधी हा निरोप पोचला आहे ना, हे स्वतः फोन करून पाहते. तरीही सूप आलंच, तर झाकण उघडू नका. वाटी होती तिथेच राहू द्या आणि यजमानाला हळू आवाजात एकदाच सांगा. दोन घोट घेऊन ठेवण्यापेक्षा न उघडलेली वाटी बरी.

चांगली बातमी अशी की बिनमाशाची दाशी ही काही आधुनिक तडजोड नाही. कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाची आणि सुक्या शिताके अळंबीची दाशी मठांच्या स्वयंपाकात शतकानुशतकं चालत आली आहे. १९०८ मध्ये टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी याच कोंबूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिलं. ओसाकाहून कोयासान डोंगर जवळ आहे. तिथल्या मठांत मुक्कामाची सोय असते आणि 'शोजिन र्‍योरी' हे मठातलं शाकाहारी जेवण मिळतं. त्यात परंपरेने कांदा-लसूणही नसतो. कोरियातल्या बौद्ध मठांच्या जेवणातही नसतो. फक्त मुळा, गाजर, कमळकाकडी दोन्हीकडे भरपूर, आणि अळंबी तर हमखास. त्या तुमच्या नियमांत बसत नसतील तर तेही आधी कळवायला हवं.

प्रश्न : भात सूपमध्ये कालवून खाल्ला तर चालेल का? आमटी-भाताची सवय आहे. (एक वाचक, सोलापूर)

कोरियात आनंदाने. 'गुकबाप' म्हणजे सूपात भात घातलेलाच पदार्थ, त्याची खास दुकानं असतात. जपानमध्ये पाहुणे म्हणून गेलात तर नको. मिसोशिरु भातावर ओतून घेणाऱ्या मुलाला तिथली आई रागावते, मांजराला देतात तसलं ते जेवण म्हणते. घरी एकटे असताना मात्र पुष्कळ जण हेच खातात.

प्रश्न : मुलगा योकोहामाला असतो. आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. सूप फार फिकं असतं म्हणतात. पर्समध्ये लाल तिखटाची आणि मिठाची डबी ठेवली आणि हळूच घातलं तर? (एक वाचक, औरंगाबाद रस्ता, अहिल्यानगर)

डबी न्या, पण मुलाच्या घरी वापरा. कुणाच्या घरी किंवा चांगल्या जपानी हॉटेलात नको. ली जीमध्ये सूपविषयी जे लिहिलं आहे त्यातलं मला सर्वांत जास्त भावलेलं इथे सांगते. पाहुण्याने सूपमध्ये स्वतःहून काही मिसळू नये, असं तिथे म्हटलं आहे. आणि लगेच पुढे : पाहुण्याने तसं केलंच, तर यजमानाने 'आम्हाला नीट रांधता आलं नाही' म्हणून क्षमा मागावी. म्हणजे तुमच्या चिमूटभर मिठाने समोरच्या गृहिणीला माफी मागावी लागते. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी तरी त्या चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा एवढा विचार केला.

पहिले दोन-तीन घोट फिकेच लागतील. आपल्या जिभेला फोडणीची सवय आहे, दाशीची चव जरा मागून येते. भाताच्या घासासोबत घ्या, मग कळत जाते. उदोन-सोबाच्या दुकानात टेबलावर 'शिचिमी' नावाची सात जिन्नसांची तिखट पूड ठेवलेली असते, ती जरूर घ्या, फक्त आधी एक घोट तसाच चाखून. आणि परतीच्या वाटेवर कोरियात उतरलात आणि मांसाहार चालत असेल, तर 'सोल्लोंगतांग' हे हाडांचं पांढरं सूप मुद्दाम अळणीच आणून देतात. मीठ आणि चिरलेली पात शेजारी ठेवलेली असते. तिथे मात्र मीठ तुम्हीच घालायचं असतं, मनाजोगतं.